पिकअप घेताना गाडी झटके मारते: पंप बदलण्याआधी काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की पेट्रोलची मॅन्युअल गाडी आयडलला (ऍक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) शांत असते, पण चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ऍक्सिलरेटर दाबला की झटके मारते, मध्येच चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि गॅरेजवाल्याने थेट फ्युएल पंप बदलायला सांगितलंय. कृपया पंपाची घाई करू नका. पंपाचा दोष असूही शकतो, पण ही लक्षणं वाचून माझा पहिला संशय स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा) आणि त्याला वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलवर जातो. शिवाय ते तपासायला सुरुवातीला कोणताही नवा पार्ट विकत घ्यावा लागत नाही.

वरचा गिअर, कमी आरपीएम आणि जोरात दाबलेला ऍक्सिलरेटर अशा वेळी सिलिंडरमध्ये भरपूर हवा शिरते आणि आतला दाब वाढतो. दाब वाढला की प्लगच्या फटीत ठिणगी उडवायला व्होल्टेजही जास्त लागतं. आयडलला दाब कमी, त्यामुळे अशक्त कॉइल किंवा झिजलेला प्लगही तिथे निभावून नेतो. लोड आला की ठिणगी चुकते, तो सिलिंडर त्या फेरीत काहीच काम करत नाही आणि गाडी मिसिंग मारते.

आधी गाडीला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावून कोड वाचून घ्या. पी ०३०० आला तर मिसफायर (सिलिंडरमधलं जळण चुकणं) आहे, पण एका ठरावीक सिलिंडरचा नाही. पी ०३०१, ०३०२ असे आले तर शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर. समजा ०३०२ आलाय आणि तुमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे. मग इंजिन थंड असताना दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसात बदला, कोड पुसा आणि त्याच चढावर गाडी न्या. आता ०३०३ आला तर कॉइल गेली, विषय संपला. कोड दोनवरच राहिला तर हाच प्रयोग प्लगवर करा. तरीही दोनच असेल तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासायची वेळ आली. माझ्या मते घरच्या घरी करण्यासारखी याहून खात्रीची तपासणी नाही.

प्लग बाहेर काढलाच आहे तर उजेडात धरून नीट बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमी पडतेय. मग पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर बोट फिरवा. तिथे वरून खाली उतरलेली केसासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी फटीत न उडता बाहेरच्या बाहेर लोखंडाकडे पळतेय. अशा वेळी नुसता प्लग बदलून भागत नाही. कॉइलच्या रबरी नळीत आतून तसाच डाग पडलेला असतो. तीही बदला, नाहीतर नवा प्लगही तसाच खराब होतो. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलेलं दिसलं तर वरच्या कव्हरचं किंवा प्लगच्या नळीचं पॅकिंग गळतंय, ते आधी दुरुस्त करा. नव्या प्लगची गॅप गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल तेवढीच हवी, आणि तो अंदाजाने करकचून आवळू नका. ऍल्युमिनियमच्या हेडचे आटे सहज जातात.

हे करताना एक लक्षात ठेवा. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला न राहता लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो तापून निकामी होतो. तो भाग फार महाग असतो.

इग्निशन स्वच्छ निघालं तर हवा आणि पेट्रोलकडे वळा. एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंतचा) रबरी पाइप हाताने वाकवून बघा. इंजिन लोडखाली किंचित कलतं तेव्हाच उघडणारी चीर एरवी दिसतच नाही. स्कॅनरवर फ्युएल ट्रिमही (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) पाहा. आयडलला तो बराच अधिक असेल आणि रेस दिल्यावर खाली येत असेल, तर कुठूनतरी जादा हवा आत शिरतेय. उलट आयडलला ठीक असून लोडवर वाढत जात असेल, तर एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) मळलेला असेल किंवा पेट्रोल कमी पडत असेल. सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेनेच साफ करा, कार्ब्युरेटर क्लीनरने नाही.

झटका फक्त पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना बसत असता, तर मी क्लचकडे बोट दाखवलं असतं. ऍक्सिलरेटर दाबताना-सोडताना एकच धप्प असा दणका असता, तर इंजिन माउंटिंगकडे. तुमच्या वर्णनात दोन्ही नाही.

पंपाची पाळी यानंतर. मेकॅनिकला फ्युएल प्रेशर मोजायला सांगा, पण उभ्या गाडीवर नको. लोड असताना मोजा, कारण थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर आयडलला बऱ्याचदा पुरेसा दाब दाखवतो. झटका येण्याच्या क्षणी दाब कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली गेला, तर आधी फिल्टर आणि पंपाची वायरिंग तपासून घ्या, आणि मग पंप खुशाल बदला. दुरुस्ती काहीही झाली तरी कोड पुसून, त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी चालवून पाहिल्याशिवाय ताब्यात घेऊ नका. स्कॅनरवर कोणता कोड येतोय ते इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.