आई-बाबांना बिनधास्त न्या, फक्त हॉटेलला लिफ्ट आहे का ते आधी बघा

तुमचा प्रश्न असा की आई-बाबा भारतातून येताहेत, दोघंही सत्तरीच्या आसपास, आणि ॲमस्टरडॅमसारख्या 'तसल्या' शहरात त्यांना दोन दिवस नेलं तर सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होईल का. नाही होणार. मी कोलोनला राहते. तिथून ॲमस्टरडॅम ट्रेनने तीन तासांच्या आत येतं (गाडी वेळेवर असेल तर, जर्मनीत ते धरून चालू नका). माझे आई-बाबा आले होते तेव्हा मी त्यांना घेऊन गेले होते, त्यामुळे ही धास्ती मला चांगली माहीत आहे.

लाल दिव्यांची वस्ती, म्हणजे जिथे वेश्या काचेच्या खिडक्यांत बसून गिऱ्हाईकाची वाट बघतात ती, मुख्यतः डे वालन नावाच्या जुन्या भागात आहे. सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला. तिकडे न वळता तुम्ही सरळ ट्राम पकडून म्युझियमच्या बाजूला गेलात, तर अशी काही वस्ती या शहरात आहे याचा पत्ताही लागत नाही. गांजाचा वास मात्र चुकवता येत नाही, तो कुठल्याही गल्लीत येतो. बाबांनी पहिल्याच पुलावर नाक वर केलं आणि म्हणाले, "अगं, हा तर नाशिकच्या कुंभातला वास!" विषय तिथेच संपला. मी उगाच आदल्या रात्री काय काय सांगायचं याची तयारी केली होती.

लोकांना वाटतं तिथे सगळं मोकाट आहे. उलट आहे. गांजा विकणं कागदावर आजही गुन्हाच आहे. 1976 साली कायदा बदलला तेव्हा सौम्य आणि घातक अमली पदार्थ वेगळे केले गेले आणि पुढे ठरावीक अटी पाळणाऱ्या दुकानांकडे काणाडोळा करायचं धोरण ठरलं. अटी म्हणजे गिऱ्हाईक अठरा वर्षांवरचं हवं, एका माणसाला पाच ग्रॅमच्या वर द्यायचं नाही, दारू ठेवायची नाही, जाहिरात करायची नाही. गंमत म्हणजे पुढच्या दाराने विकलेलं चालतं, पण मागच्या दाराने तो माल दुकानात येतो ते मात्र बेकायदा. आणि डे वालनमध्ये तर मे 2023 पासून रस्त्यावर गांजा ओढायलाही बंदी आहे, दंड 100 युरो. या दुकानांना 'कॉफीशॉप' म्हणतात, तेव्हा बाबांना कॉफीची तल्लफ आली तर 'कॅफे' लिहिलेलं दार शोधा.

रस्त्यात कुणी जवळ येऊन कुजबुजत काही विकायला लागलं तर मान हलवून पुढे चला. 2014 साली अशाच एका विक्रेत्याने कोकेन म्हणून हेरॉइन विकलं आणि काही ब्रिटिश पर्यटक दगावले. तेव्हा महापालिकेने चौकाचौकात मोठे फलक लावले: असला माल घेऊ नका, आणि घेतलाच असेल व त्रास होत असेल तर 112 ला फोन करा, तुम्हाला अटक होणार नाही. या शहराचा स्वभाव मला त्या फलकात जितका दिसतो तितका खिडक्यांमध्ये दिसत नाही.

डे वालन टाळू नका असंच मी सांगेन, पण सकाळी जा. तेव्हा बहुतेक पडदे ओढलेले असतात आणि दारुडी पोरं झोपलेली असतात. शहरातली सगळ्यात जुनी इमारत, आउडे केर्क हे चर्च, बरोबर त्या वस्तीच्या मधोमध आहे. चर्चसमोरच्या एका खिडकीत एक बाई फोन बघत बसली होती. आईने एकदा बघितलं, दहा पावलं पुढे गेली आणि मला विचारलं, "यांना पेन्शन असतं का गं?" आई जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेली. म्हटलं, 2000 सालापासून हा कायदेशीर धंदा आहे, कर भरतात, आणि तिथे राहणाऱ्या सगळ्यांनाच म्हातारपणी सरकारी पेन्शन मिळतं. आई म्हणाली, "मग ठीक आहे." सगळं इतकं ठीक नाही अर्थात. बायकांच्या तस्करीच्या काळजीने शहराने 2007 नंतर बऱ्याच खिडक्या बंद केल्या, समोरून गाइडसकट टोळकी न्यायला बंदी घातली. फोटो तर अजिबात काढू नका.

तिथून दोन मिनिटांवर एका व्यापाऱ्याच्या घराच्या माळ्यावर अख्खं चर्च आहे. 1578 नंतर कॅथलिकांना उघड प्रार्थना करायला मनाई होती, म्हणून सतराव्या शतकात त्याने वरचे मजले एकत्र करून देऊळ थाटलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण रस्त्यावरून दिसत नव्हतं ना, मग चालू द्या. कॉफीशॉपकडे होणाऱ्या काणाडोळ्याचं मूळ मला इथे सापडलं. आता ते म्युझियम आहे. बाबा आणि मी वर गेलो, आई खालीच बसली.

कारण गुडघे. आणि तुम्ही खरी काळजी करायला हवी ती याची. कालव्यांवरची घरं अरुंद आणि उंच, त्यामुळे जिने शिडीसारखे उभे. त्या जिन्यांवरून कपाट नेता येत नाही म्हणून बहुतेक घरांच्या माथ्यावर तुळई आणि हूक असतो, सामान दोरीने खिडकीतून वर ओढतात. जुन्या घरातलं गोंडस हॉटेल बुक केलंत तर बॅगांसकट तुम्हीही त्याच जिन्याने जाणार. आम्ही लिफ्टवालं साधं हॉटेल घेतलं. खोलीच्या भाड्यावर 12.5 टक्के पर्यटन कर वेगळा लागतो, तोही हिशेबात धरा. महाग वाटलं तर हार्लेमला राहा, ट्रेनने वीस मिनिटांच्या आत.

ॲन फ्रँकचं घरही तसंच, आत खडे जिने. तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची सुटतात आणि भराभर संपतात. व्हॅन गॉग म्युझियमचंही तिकीट आधीच काढा. गुडघ्यांसाठी सगळ्यात बरी म्हणजे काचेची बोट, तासाभरात कालवे बसल्या जागी बघून होतात. स्टेशनच्या मागून उत्तरेला जाणारी फेरीबोट तर फुकटच आहे, आईला तीच जास्त आवडली.

दुसरा धोका सायकलींचा. लालसर डांबराची पट्टी दिसली की ती सायकलवाल्यांची, तिथे फोटोसाठी उभं राहायचं नाही. ते घंटी वाजवतात, थांबत नाहीत.

जेवणाचं: सुरीनामी रोटीची दुकानं शोधा, अल्बर्ट काउप बाजाराच्या आसपास सापडतात. 1873 पासून युपी-बिहारचे मजूर दक्षिण अमेरिकेतल्या डचांच्या सुरीनाम वसाहतीत नेले गेले, 1975 ला तो देश स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांच्यातले खूप जण हॉलंडला आले. त्यांची ही रोटी. आत डाळीचं कोरडं सारण, बरोबर बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी. आई-बाबा शाकाहारी असतील तर ऑर्डर देतानाच चिकन नको आणि अंडंही नको असं सांगा. उकडलेलं अंडं बऱ्याच ठिकाणी न विचारताच येतं.