नऊ वर्षांचा मुलगा मॅच हरला की रडतो, दोन दिवस बोलत नाही. त्याचं फुटबॉल बंद करावं का?

नका करू. खरं तर उत्तर इथंच संपतं. पण तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, 'त्याचे बाबा म्हणतात असाच रडत राहिला तर रडका होईल, त्यापेक्षा संध्याकाळचा क्लास लावू', ते वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की क्षणभर वाटलं, त्यांनीच नाव बदलून प्रश्न टाकलाय.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या आखाड्याच्या, फुटबॉल संघातून खेळलो, फार दिवे लावले नाहीत, मग गुडघा गेला. दिवसा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी आणि संध्याकाळी आठ ते बारा वयाची पोरं, असं माझं बरीच वर्षं चाललंय. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय हे कोल्हापूरबाहेर सांगून कळत नाही. शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या की पोलीस बंदोबस्त लागतो. पोराला अजून बुटाची नाडी बांधता येत नसते, पण आपण कुठल्या तालमीचे आणि कुणाशी आपलं जमत नाही हे त्याला पाठ असतं. त्यामुळं इथं हरणं एकट्या पोराचं नसतं, सगळ्या गल्लीचं असतं.

ताई, तुमचा मुलगा रडतो हा प्रश्नच नाही. नऊ वर्षांचं पोर हरल्यावर रडणार नाही तर कोण रडणार? माझ्याकडं हरल्यावर दहा मिनिटांत वडापावच्या गाड्यावर दंगा करणारी पोरं आहेत आणि चिखलात बसून हंबरडा फोडणारीही आहेत. मला दोघांचीही काळजी वाटत नाही. गोल झाला की बॉलकडं न बघता आधी कुंपणाकडं, बापाच्या तोंडाकडं बघतं ना, त्या पोराची मला काळजी वाटते.

आमचा भाचा असा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत गांधी मैदानावर दहा वर्षांखालच्या पोरांची स्पर्धा होती, पाच-पाच जणांची. भाचा गोलकीपर. त्या वयात गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नसतं, हा हौसेनं तयार झालेला. चुलतभावाचे ग्लोव्हज घातलेले, ते ढिले म्हणून मनगटाला रबरबँड गुंडाळलेले. मी त्याला एकच गोष्ट शिकवली होती, बॉलवरनं नजर काढायची नाही. आणि दाजी बरोबर गोलच्या मागं येऊन उभे. "पुढं ये. अरं पुढं ये की! मागं कुठं चाललायस? उजवीकडं बघ, उजवीकडं!" दाजी आयुष्यात कधी फुटबॉल खेळलेले नाहीत हे जाता जाता सांगतो. ते क्रिकेटवाले.

मध्यापासून एका पोरानं साधा बॉल ढकलला. सरपटत, रमतगमत येत होता. भाच्यानं वाकून हात खाली घेतले आणि त्याच क्षणी मागनं आवाज आला, "पाय जोड!" झालं. पोरगं मागं वळलं, बॉल दोन पायांतून गेला. गोलला जाळी नव्हती, त्यामुळं तो तसाच घरंगळत जाऊन दाजींच्या बुटापाशी थांबला.

दाजींनी तो परत ढकलला नाही. हाताची घडी घालून तसेच उभे राहिले. पोरगं चालत गेलं, त्यांच्या पायाजवळ वाकलं, बॉल उचलला, मान वर न करता परत आलं. मी दुसऱ्या टोकाला होतो, तरी मला ते सगळं स्पष्ट दिसलं. एक-शून्यनं हरलो. भाचा रडला नाही. दाजी सगळ्यांना सांगत होते, बघा, रडला नाही, वाघ आहे. गाडीवर गांधी मैदान ते कळंबा एक शब्द बोलले नाहीत त्याच्याशी.

पुढं काय झालं, तर मॅचच्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. माझ्या ताईला, म्हणजे त्याच्या आईला, वाटलं आंबे जास्त झाले, ओवा दिला. पोट दुखायचं ते फक्त मॅचलाच, सरावाला कधीच नाही. शेवटी एकदा माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मामा, पप्पा येणार असतील तर मी नाही येत."

त्या रविवारी ताईकडं जेवायला गेलो आणि आमचं वाजलं. दाजींचं म्हणणं, आम्ही मार खाऊनच मोठे झालो, तालमीत वस्ताद काठीनं हाणायचे म्हणून माणसं घडली. मी म्हटलं, दाजी, जी घडली ती पारावर बसून सांगतात. काठी बघून जी दुसऱ्या दिवसापासून आलीच नाहीत त्यांना कोण विचारतंय? ती आज कुठं आहेत आणि त्यांच्यात कोण चांगलं निघालं असतं, याचा हिशेब कुणाकडं आहे? यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी ठेवणीतलं काढलं. "तुला पोरबाळ नाही. बापाचं काय असतं ते तुला काय कळणार?" तेव्हा आम्हाला मूल नव्हतं आणि ते का नव्हतं हे दाजींना माहीत होतं. ताई म्हणाली, दोघं आधी जेवा. मी जेवलो नाही.

आता मला मुलगी आहे, सात वर्षांची. नव्या व्यापारात हरली की पट उधळून देते आणि नोटा पलंगाखाली फेकते. माझं मत तरी तेच आहे. दाजींनी नोंद घ्यावी.

कोल्हापुरात बापांना एक गोष्ट सांगितली की ते जरा गप्प होतात, म्हणून मी सांगत असतो. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेला आलं नाही तर दंड होता, महिन्याला एक रुपया. कुणाला? आई-बापाला. शंभर वर्षांपूर्वी महाराजांना कळलं होतं की कान कुणाचा धरायचा. शाळेत तर आता शिक्षण हक्क कायदाच आहे, २००९ चा, त्याच्या १७ व्या कलमानं मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद केलंय. मैदानाच्या कडेला उभ्या बापाला मात्र कुठलंच कलम लागत नाही.

म्हणून मी माझं लावलं. आमच्याकडं मॅच चालू असताना पालकांनी गोलच्या मागं उभं राहायचं नाही, समोरच्या लांब बाजूला थांबायचं. टाळ्या वाजवा, पेठेच्या नावानं घोषणा द्या, काही हरकत नाही. पण 'पास दे', 'मार', 'मागं ये' असलं काही तोंडातनं निघालं की पुढच्या सरावाला सगळ्या पोरांसाठी केळी आणायची. पहिल्या उन्हाळ्यात पोरं केळी खाऊन कंटाळली. एक वकीलसाहेब तर आधीच केळी घेऊन यायला लागले, म्हणाले, आज माझ्याच्यानं गप्प बसवणार नाही.

बापांचं सगळंच चुकतं असं नाही. २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला, आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, त्यानंतर माझ्याकडं पोरांची रांग लागली. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्य आणलं, तेव्हा त्यातलेच दोन बाप मला विचारत होते, शूटिंगला कुठं घालायचं. पोरासाठी स्वप्न बघू नये असं कोण म्हणतंय? फक्त ते आठ वर्षांच्या पोराच्या अंगावर शनिवारी सकाळी सात वाजता घालू नये.

तुमच्या मुलाचा जन्ममहिना लिहिलेला नाही. बघा जरा. वयोगट बहुतेक ठिकाणी १ जानेवारी धरून पाडतात. म्हणजे जानेवारीचं पोर आणि डिसेंबरचं पोर एकाच गटात, आणि नऊ वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत दिसतो, वजनात दिसतो, धक्का बसला की कोण पडतं त्यात दिसतो. जगभरच्या ज्युनियर संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त सापडतात ती यामुळंच. आमचा भाचा नोव्हेंबरचा. हे दाजींना सांगितलं तर म्हणाले, कारणं सांगू नको. त्यांची स्वतःची जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे, त्यांच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांसारखी, त्यामुळं तारखेनं काही फरक पडतो हे त्यांना पटणं अवघडच.

बॉलसुद्धा बघा. आठ ते बाराच्या पोरांना चार नंबरचा बॉल पाहिजे, त्याहून लहानांना तीन नंबरचा. पेठेत सर्रास मोठ्यांचा पाच नंबरचा देतात. तो पोटात बसला की रडणारच. ते रडणं हरल्याचं नसतं.

आणि या वयाची पोरं तुम्हा-आम्हाला वाटतं तेवढं हरणं-जिंकणं धरून बसत नाहीत. एकदा मॅच ऐन रंगात, दोन-दोन बरोबरी, आणि समोरच्या संघातल्या एका पोराचा हलणारा दात पडला. तो ओरडला, "माझा दात!" झालं, दोन्हीकडची दहाच्या दहा पोरं खाली बसून मातीत दात शोधायला लागली. रेफ्रीनं दोनदा शिट्टी मारली, मग तोही वाकला. एक बाप बाहेरनं बोंबलत होता, "अरं गोल रिकामा हाय, मार!" आमचा सेंटर फॉरवर्ड वळून त्याला म्हणाला, "काका, दात सापडंना की." सापडला शेवटी. त्या पोरानं तो धुऊन खिशात ठेवला. मॅच कोण जिंकलं ते मला खरंच आठवत नाही, पण दात कुणी शोधला ते अजून सगळी पोरं सांगतात.

तर तुम्ही काय करायचं? मॅचनंतर घरी येताना मॅचबद्दल अक्षर काढू नका. 'तो बॉल सोडायला नको होता' नाही आणि 'जाऊ दे रे, मस्त खेळलास' पण नाही. मस्त खेळला नाही हे त्याला माहीत असतं, तुम्ही खोटं बोलताय हेही कळतं. भूक लागली का विचारा. रडत असेल तर रडू द्या, गप्प बसवायला आइस्क्रीम नको. त्याचं त्याला बोलायचं असेल तेव्हा तोच बोलेल, बहुतेक रात्री अंथरुणात, तुम्ही झोपेला आलेल्या असता तेव्हा.

दोन दिवस बोलत नाही म्हणता, तर नक्की कोण कुणाशी बोलत नाही ते एकदा नीट बघा. आमच्याकडं गाडीवर गप्प कोण होतं ते वर लिहिलंय.

क्लासचं म्हणाल तर क्लास लावा की, कोण नको म्हणतंय. पण मैदानाच्या बदल्यात नको. 'हरलास म्हणून क्लास' असं एकदा पोराच्या डोक्यात बसलं की त्याला मैदानही शिक्षा वाटतं आणि क्लासही. दाजींनी तेच केलं. भाच्याला स्कॉलरशिपच्या क्लासला घातलं, ग्लोव्हज माळ्यावर गेले. पोराला स्कॉलरशिप मिळाली, त्याचे पेढे मीच वाटले, आणि दाजी प्रत्येक लग्नकार्यात मला ऐकवतात, बघ, कोण बरोबर होतं? भाचा आता पुण्यात नोकरी करतो. रविवारी मित्रांबरोबर टर्फवर खेळायला जातो, पैसे भरून. कुठं उभा राहतोस विचारलं तर म्हणाला, गोलमध्येच मामा, दुसरं कुठं. दाजींना याचा फोटो पाठवला होता. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

आता थोडं सबुरीनं. मी डॉक्टर नाही, पोरांत वावरणारा माणूस आहे. रडणं फक्त मॅचपुरतं असेल तर वरचं सगळं लागू. पण जेवण तुटलं असेल, झोपेत दचकत असेल, अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल किंवा शाळेलाही नको म्हणत असेल, तर माझं ऐकत बसू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते पुढं कुणाकडं जायचं सांगतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि एकदा सरावाला जाऊन लांब उभं राहून कोच कसा बोलतो तेही ऐका. पोरांना आई-बहिणीवरनं बोलत असेल, हरल्याची शिक्षा म्हणून पळवत असेल, तर फुटबॉल नाही, कोच बदला.

बूटही तपासा. पाय वाढतोय म्हणून दोन नंबर मोठे घेतलेले असतात, पुढं कापूस कोंबलेला असतो. निम्मी पोरं त्यातच अडखळून पडतात.