मुलगी म्हणते ईस्टरला बाप्तिस्मा घेणार, आता आजींना सांगायचं कसं?

शिकागोजवळ राहणाऱ्या एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. माहेर आणि सासर दोन्ही इंदूरचं, तिकडे जाऊन वीसेक वर्षं झाली, मुलगी सत्तावीस वर्षांची, कमावती, वेगळी राहते. आता ती म्हणते मला कॅथलिक व्हायचंय, चर्चमधले क्लास सुरू झालेत, २०२७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा घेणार. ताईंचे प्रश्न थोडक्यात असे की हिला कोणी फूस लावली का, नाव बदलावं लागेल का, इंदूरच्या रामबागेतल्या घराच्या हिश्श्याचं काय, आणि शेवटी सगळ्यात अवघड, सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, त्यांना कोण सांगणार.

ताई, फूस लावली असती ना तर एव्हाना सगळं उरकूनही झालं असतं. कॅथलिक चर्चमध्ये मोठ्या माणसाला असं आलात की घेतलं असं करत नाहीत. टप्प्याटप्प्याने तयारी करून घ्यायची फार जुन्या काळची जी चाल होती ती व्हॅटिकनने १९७२ मध्ये नव्याने घालून दिली, अमेरिकेत तिला आरसीआयए म्हणायचे आणि आता ओसीआयए म्हणतात, मुलीच्या बोलण्यात ही अक्षरं आली असतीलच. बहुतेक चर्चमध्ये ह्याला कित्येक महिने लागतात, कुठे वर्ष, कुठे त्याहून जास्त, आणि फी म्हणून काही नसते.

सुरुवातीला नुसती चौकशी. आठवड्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये पाच-दहा माणसं बसतात, कॉफी असते, वाट्टेल ते प्रश्न विचारायचे, कोणी काही लिहून घेत नाही. मग ज्यांना पुढे जायचंय त्यांना एका रविवारी सगळ्यांसमोर उभं करून विचारतात की तुला काय हवंय, आणि कपाळावर क्रुसाची खूण करतात. तिथून खरा अभ्यास सुरू, येशूचं चरित्र, प्रार्थना, पाप आणि माफीबद्दल चर्च काय म्हणतं, रोजचं वागणं कसं असावं वगैरे. गंमत म्हणजे ह्या काळात रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादरांचं प्रवचन झालं की बऱ्याच ठिकाणी ह्या मंडळींना उठवून बाहेर पाठवतात, त्या दिवशीच्या वाचनावर वेगळ्या खोलीत बोलायला, कारण पुढचा कम्युनियनचा, म्हणजे पवित्र भाकर घेण्याचा, भाग अजून त्यांचा नाही. म्हणजे जिला तुम्ही ओढून नेली समजताय तिला दर रविवारी अर्ध्यातून बाहेर काढतायत!

२०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे, त्याआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ म्हणजे लेंट १० फेब्रुवारीला सुरू होतो. त्याच्या पहिल्या रविवारी किंवा त्याच्या आसपास बिशपच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या प्रमुखाच्या, कथीड्रलमध्ये (मुख्य चर्चमध्ये) सगळ्या चर्चमधले असे उमेदवार जमतात आणि त्यांची नावं एका वहीत लिहिली जातात. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी त्यांच्यासाठी खास प्रार्थना असतात, बायबलमधल्या तिन्ही गोष्टी ठरलेल्या, विहिरीवरची शमरोनी बाई, जन्मांध माणूस, आणि मेलेला लाजार उठतो ती. तुम्ही त्या तीन रविवारांपैकी एका रविवारी जाऊन मागच्या बाकावर बसा असं माझं मत आहे, मुलगी काय ऐकतेय ते निदान कळेल. आणि मन बदललं तर अगदी शेवटच्या आठवड्यातही ती थांबू शकते, पत्रिका वाटून झाल्यावरही लग्न मोडता येतं तसंच.

पत्रात एका ओळीत तुम्ही घाईघाईत उरकलंय की तिचा एक मित्र कॅथलिक आहे. खरी मेख इथे आहे, बाकी सगळं नंतर. कॅथलिक मुलाशी लग्न करायला बाप्तिस्मा घ्यावाच लागतो असं अजिबात नाही. बिशपची परवानगी घेऊन हिंदू मुलीशी चर्चमध्ये लग्न होतं, तिला धर्म न बदलता. मुलाला मात्र कबूल करावं लागतं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत ह्यासाठी माझ्याकडून होईल तेवढं करेन, आणि मुलीला ह्याची कल्पना दिलेली असते. तेव्हा मुलाच्या घरचे कोणी "आधी बाप्तिस्मा, मग लग्न" असं म्हणत असतील तर ते त्यांचं घरचं खूळ आहे, चर्चचा नियम नाही. मुलीला एकटीला गाठून, न रागावता, विचारा की उद्या हा मुलगा नसला तरी तू हे करशील का. हाच प्रश्न तिचे फादरही विचारतील, कारण आपल्या मर्जीने न घेतलेला बाप्तिस्मा त्यांनाही नकोच असतो.

नाव बदलायची गरज नाही. हौस असेल तर संताचं नाव जोडून घेतात, पासपोर्टवर त्याने काही फरक पडत नाही. तिचं आधी लग्न होऊन मोडलं असेल, किंवा मित्राचं, तर आजच फादरांना सांगायला सांगा, पुढे लग्न करायचं असेल तर ती जुनी लग्नं चर्च तपासतं आणि त्यात वेळ जातो. तिच्याबरोबर एक गॉडमदर किंवा गॉडफादर लागतो, सोळा वर्षांच्या वरचा, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेला कॅथलिक, आणि आई-वडील चालत नाहीत, त्यामुळे तुम्हाला बोलावलं नाही म्हणून रुसू नका.

सणवाराचं स्पष्टच सांगते, गोडगोड बोलण्यात अर्थ नाही. गणपतीला घरी येईल, मोदक वळेल, आरास करेल, पण संकल्प करून पूजेला बसणार नाही आणि तिला बसवूही नका. प्रसादाबद्दल तिच्या फादरांशी तिने बोलावं. लेंटच्या शुक्रवारी मांस खायचं नसतं, ते तुमच्या शाकाहारी घरात आपोआपच जमेल.

आता घराचा हिस्सा. धर्म बदलला म्हणून मुलीचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. पण हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चं कलम २६ बघा, बाप्तिस्म्यानंतर तिला जी मुलं होतील ती हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीला वारस लागत नाहीत, वारसा उघडतो त्या वेळी, म्हणजे तो नातेवाईक वारतो तेव्हा, ती स्वतः हिंदू असतील तरच लागतात. नातवंडांना काही द्यायचं मनात असेल तर मृत्युपत्र करून ठेवा, इंदूरला आलात की वकील गाठून एकदा हे काम संपवून टाका, हे धर्माचं भांडण नव्हे, कागदाचं काम आहे. आणि लग्न इंदूरला सप्तपदी वगैरे करून करायचं असेल तर हिंदू विवाह कायद्याखाली नोंद होणार नाही, तिथे दोघंही हिंदू लागतात, स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ खाली करा, त्यात तीस दिवसांची नोटीस लागते. बाप्तिस्मा मात्र इंदूरला करायचं डोक्यात आणू नका, मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात कलेक्टरकडे साठ दिवस आधी कळवायची भानगड आहे, आणि ती जिथे शिकतेय त्याच चर्चमध्ये होणं रीतीला धरून आहे.

राहता राहिल्या आजी. फोन तुम्ही करू नका, यजमानांनाही करू देऊ नका, नातीनेच करावा. आणि आधी करावा, नंतर नाही, कारण रामबागेत बातमी कुठूनतरी पोचतेच आणि मग आजींना राग बाप्तिस्म्याचा येत नाही, आपल्यापासून लपवलं ह्याचा येतो. इकडे सकाळी साडेनऊला त्यांची पूजा, चहा झालेला असतो, उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे अकरा, मुलगी जागीच असेल. तिने येशू काय म्हणतो वगैरे शिकवायला बसू नये. त्यापेक्षा राणी मारियाची गोष्ट काढावी, ती आपल्याकडची आहे. उदयनगरला आदिवासींमध्ये काम करणारी केरळची सिस्टर, २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येताना बसमधून ओढून तिचा खून केला, आणि पुढे तिच्या सख्ख्या बहिणीने, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच राणी मारियाला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा गावात केवढी गर्दी होती. आजींना ते आठवत असेलही. ह्याने त्या खूश होतील असं मी म्हणत नाही, दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित, पण बोलणं सुरू व्हायला एक धागा मिळेल.

तुम्ही स्वतः २७ मार्चच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, रात्री बाप्तिस्म्याला जाणार असाल, आणि जावं असं मला वाटतं, तर जेवून जा. अंधार पडल्यावर बाहेर विस्तव पेटवून सुरू होतं, चर्चमधले दिवे बंद असतात, एक मोठी मेणबत्ती आत नेतात आणि तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या पेटतात, मग लांबलचक वाचनं, मग पाणी, तेल, असं करत अडीच-तीन तास सहज जातात. साडी चालेल, शाल घ्या. शेवटी कम्युनियनची रांग लागेल तेव्हा जागेवर बसून राहा, बाजूचे लोक तुमच्या पायांवरून वाट काढत जातील, कोणाला त्याचं काही वाटत नाही.