मालवणला काढलेले कोरलचे (प्रवाळाचे) फोटो हिरवे आणि मळकट आले. जानेवारीत अंदमानला चाललोय, प्रकाश आणि फ्रेम कशी सुधारू?

तुम्ही लिहिलंय की लातूरहून निघणार, जवळ ॲक्शन कॅमेरा आणि एक छोटा टॉर्च आहे, अजून एखादी लेन्स घ्यावी का. मी परभणीचा, समुद्र मलाही तुमच्याइतकाच लांब, पण पाण्याखाली फोटो काढायचा नाद लई जुना आहे म्हणून सांगतो, लेन्सचं राहू द्या, आधी जवळ जा. मग अजून जवळ जा.

कारण असंय बघा, पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं, पहिल्या पाचेक मीटरमध्येच तो बहुतेक संपतो, मग नारंगी जातो, मग पिवळा, आणि खाली राहतं निळं-हिरवं. लोक फक्त खोली मोजतात, पण उजेडाला वरून कोरलपर्यंत यावं लागतं आणि तिथून तुमच्या कॅमेऱ्यापर्यंतही यावं लागतं, ते मधलं आडवं पाणी पण रंग खातंच ना. त्यात मास्कमधून एक मीटरवरची वस्तू पाऊण मीटरवर दिसते, म्हणून आपल्याला वाटतं आलो जवळ, पण आलेलो नसतो. मालवणच्या पाण्यात गाळ जास्त म्हणून तिथं हिरवं आलं, अंदमानचं पाणी बरंच स्वच्छ आहे पण लांबून काढाल तर तिथंही नुसतं निळंच येणार, आणि जो लाल रंग कॅमेऱ्यात पोचलाच नाही तो एडिटिंगमध्ये कुठून आणणार? फक्त एक ध्यानात ठेवा, बहुतेक ॲक्शन कॅमेऱ्यांचा फोकस फिक्स असतो, साधारण फुटाच्या आत गेलात की फोटो मऊ येतो. एक ते दीड फूट, बस.

आता टॉर्च. तो कॅमेऱ्याला चिकटवून समोर धरला की पाण्यातले सगळे कण पांढरे चमकतात, रात्री फुफाट्यात गाडीचा अप्पर मारला की कसं समोर नुसता धुरळाच दिसतो, तसं. म्हणून टॉर्च हात लांब करून बाजूला आणि थोडा वर धरा, तोंड कोरलच्या जरासं बाहेर, म्हणजे झोताची फक्त कड कोरलवर पडेल आणि लेन्ससमोरचं पाणी अंधारात राहील. दिवसा छोट्या टॉर्चचा उजेड हातभर अंतरापलीकडे काही कामाचा नसतो, म्हणजे इथंही परत जवळ जाण्याचाच विषय आला. लाल फिल्टर असेल तर तो साधारण पाच ते पंधरा मीटरमध्ये वापरा, सूर्य पाठीमागं ठेवून, पण फिल्टर आणि टॉर्च एकदम नको, जवळचं सगळं लालभडक होतं. कॅमेऱ्यात रॉ (म्हणजे कॅमेऱ्यानं न दाबलेली मूळ फाइल) असेल तर चालूच ठेवा.

वेळेचं कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळं तिथले दुपारचे तीन म्हणजे उन्हाच्या हिशोबानं आपले चार, जानेवारीत सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो. ऊन तिरपं होत गेलं की पाण्यावरूनच परत फिरणारा उजेड वाढत जातो. डाइव्ह सेंटरवाल्यांना सकाळची डाइव्ह मागा, नऊ ते बारा सगळ्यात छान.

फ्रेमचं म्हणाल तर वरून खाली काढू नका. सगळे तेच करायलेत, आणि मासा मागच्या कोरलमध्ये हरवून जातो. कोरलच्या पातळीला या, कॅमेरा थोडा वर तिरका करा, म्हणजे मागं मोकळं निळं पाणी येतं आणि कोरलचा आकार सुटा दिसतो. एका फोटोत एकच गोष्ट. पळणाऱ्या माशाच्या मागं जाऊ नका, शेपटीचेच फोटो मिळतील. स्वराज द्वीपला नेमो रीफ म्हणून उथळ जागा आहे, तिथं क्लाउनफिश बघायला मिळतील, ते ज्यात राहतात त्या ॲनिमोनसमोर (मऊ बोटांच्या झुपक्यासारखा दिसणारा समुद्रजीव) गप थांबा. आधी ते आत दडतात, मग एकजण तरातरा तुमच्या अंगावर येतो, वळतो, परत आत, आणि थोड्या वेळानं बहुतेक त्याच वाटेनं परत बाहेर. ती वाट कळली की कॅमेरा तिथं आधीच लावून ठेवा, तोंड तुमच्याकडं आणि डोळा स्पष्ट असा फोटो मिळतो, माझा सगळ्यात आवडता प्रकार आहे हा.

ह्या सगळ्याला तरंगणं जमलं पाहिजे. पाय जोरात मारले की वाळू उडते, ती फोटोतही येते आणि कोरलवरही बसते. कोरलला धरून स्थिर व्हायचं तर अजिबात नाही, तो जिवंत जीव आहे, वन्यजीव कायद्यानं त्याला वाघाच्याच अनुसूचीत संरक्षण दिलंय. बॉयन्सी, म्हणजे एका पातळीला स्थिर तरंगणं, जमत नसेल तर पहिल्या डाइव्हला कॅमेरा वरच ठेवा हे माझं स्पष्ट मत.

जायच्या आधी सराव करायचा असेल तर ओळखीच्या शेतातली विहीर बघा, पाणी भरपूर असलेली, त्यात कण असतातच. दोरीला लाल प्लास्टिकचं फूल आणि खाली दगड बांधून सोडा, मग टॉर्च कॅमेऱ्याजवळ धरून एक आणि हात लांब करून एक असे फोटो काढत बसा, टॉर्चचा कोन हाताला तिथंच कळेल. एकटे उतरू नका, पट्टीचा पोहणारा एकजण काठावर पाहिजेच.