ओपीडीत बसून रिसर्च होतो का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी एमबीबीएस, वय २६, सध्या मुंबईत एका सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर. रोजची ओपीडी शंभरच्या वर, त्यातले बरेच बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला येणारे, आणि ते मधेच महिना-दोन महिने गायब होतात. हे का होतं ते शोधावंसं वाटतं. शिवाय एका इंजिनिअर मित्राबरोबर गोळीची वेळ झाली की वाजणारा डबा बनवतोय. मला प्रायमरी हेल्थ केअर आणि नवीन उपकरणं यात रिसर्च आणि टीचिंग करायचंय. आई म्हणते मेडिसिन नाहीतर स्किन घे, पीएसएम घेऊन काय मच्छर मोजणार? काय करू? - एक डॉक्टर, भांडुप

उत्तर : आईंना सांग, मी खरंच मोजलेत मच्छर, पावसाळ्यात टाक्यांमध्ये वाकून अळ्यासुद्धा, आणि तरी घर चाललं :) पण त्यांची काळजी अगदीच उगाच नाहीये. पीएसएम म्हणजे कम्युनिटी मेडिसिन, एकेका पेशंटऐवजी सगळ्या वस्तीच्या आरोग्याचा विषय, तीन वर्षांचं एमडी, आणि आमच्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी जण दुसरं काही मिळालं नाही म्हणून येतात, मग पहिलं वर्ष परत नीट-पीजीचा अभ्यास करण्यात जातं. त्यामुळे जो स्वतःहून मागून घेतो तो लगेच डोळ्यात भरतो, गाईडपण त्याच्यासाठी वेळ काढतात. पैसे कमी हे खरंय, तुझ्या बरोबरचा स्किनवाला पाच वर्षांत गाडी घेईल आणि तू कॉन्ट्रॅक्टवर असिस्टंट प्रोफेसर असशील, हे आत्ताच घरात बोलून टाक. फॉर्म भरायच्या आधी एक कर, केईएमचं मालवणीचं अर्बन हेल्थ सेंटर किंवा सायनचं धारावीतलं, ज्याला सगळे छोटा सायन म्हणतात, तिथे एखादा दिवस जाऊन रेसिडेंट्सशी बोल. कँटीनमध्ये बोल, केबिनमध्ये नको.

आता डबा. रागावू नकोस, पण तुझ्या पत्रात मला डब्यापेक्षा ते गायब होणारे पेशंट जास्त आवडले. कुठे जातात रे ते? गावाला लावणीला? शिफ्ट बदलली आणि दवाखान्याची वेळ जमेना? का मागच्या वेळी गोळ्याच संपल्या होत्या म्हणून हात हलवत परत गेले आणि पुन्हा फिरकलेच नाहीत? विसरणाऱ्यासाठी डबा ठीक आहे, पण ज्याच्याकडे गोळीच नाही त्याच्या घरी तो वाजून काय करणार. म्हणून आधी पंधरा-वीस जणांशी बोल, मग सोल्डरिंग.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, स्वतः तोंडावर आपटलेय. आम्ही एका दवाखान्यात डिजिटल बीपी मशिन्स दिली होती, सिस्टर खूश, फोटोबिटो झाले, आणि दोन महिन्यांनी गेलो तर सगळी कपाटात. सेल संपलेले. सेल खर्चाच्या कुठल्या हेडमधून घ्यायचे ते कुणालाच माहीत नव्हतं कारण ते प्रपोजलमध्येच नव्हतं, आणि प्रपोजल मी लिहिलेलं!

मेडिकल इनोव्हेशन म्हटलं की लोकांना चकचकीत यंत्र दिसतं. १९७१ला बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमात भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं, तेच हे ओआरएस. आपल्या गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या 'सर्च' या संस्थेने न्यूमोनियासाठी श्वास मोजायचं साधन केलं, मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि दर दहा श्वासांना सरकवायचे मणी, ज्या बाईला आकडे येत नाहीत तिलाही जमेल असं.

आणि मुंबईतलं बघायचं तर परळच्या टाटा हॉस्पिटलने १९९८ला आपल्याच वस्त्यांमध्ये सुरू केलेला अभ्यास. सुमारे दीड लाख बायका, वय ३५ ते ६४. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर, म्हणजे ४ टक्के ॲसिटिक ॲसिड लावायचं आणि पांढरा डाग उठतो का बघायचं, बस. तपासणाऱ्या कोण, तर साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या बायका, चार आठवडे ट्रेनिंग दिलेल्या. दोन-दोन वर्षांनी चार फेऱ्या, आणि १२ वर्षांनी हिशोब केला तर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटातल्या बायकांना नुसती माहिती दिली, तपासणी नाही, म्हणून टीकाही झाली, ती नक्की वाच, एथिक्स मला तरी अशाच भांडणांतून कळलं. याच अभ्यासातला हाताने स्तन तपासण्याचा भाग छापून आला २०२१ला. पन्नाशीच्या पुढे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी, त्याच्या आतल्या वयात ठोस फरक नाही. सुरुवातीपासून वीसेक वर्षं झाली होती तोवर. आपल्यात एवढा धीर आहे का, ते आईंना नको, स्वतःला विचार.

बाकी कोरडं पण महत्त्वाचं. दवाखान्याच्या रजिस्टरचे मोबाइलवर फोटो काढून 'डेटा' करू नकोस, आधी वरिष्ठांची लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटी. डब्याची ट्रायल घेणार असशील तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी ऑनलाइन रजिस्टरवर, नोंदणी, २००९ पासून ती सक्तीची आहे. पवईला आयआयटीत बेटिक नावाचं केंद्र २०१४ पासून डॉक्टर आणि इंजिनिअरांना एकत्र बसवून उपकरणं करतं, मित्राला घेऊन जा, ते डबा उलटासुलटा करून बघतील आणि भरपूर चुका काढतील, बरंच आहे ते. आणि प्रमोशनला पेपर लागतात म्हणून पैसे घेऊन चार दिवसांत छापणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नकोस, असे ईमेल तुला येणारच, दिवसाला पाच.

प्रश्न : ताई, मी बीएस्सी नर्सिंग केलंय, डॉक्टर नाही. या क्षेत्रात मला जागा आहे का, का नुसतं डेटा गोळा करायला ठेवतील? - कुर्ल्याची वाचक

उत्तर : सुरुवातीला डेटाच गोळा करशील, खोटं कशाला सांगू. पण प्रश्नावलीतला कुठला प्रश्न दारात उभ्या बाईला विचारता येत नाही हे तुला कळतं आणि एसीत बसलेल्याला नाही, तेव्हा ते तोंड उघडून सांगायचं, वहीत लिहून ठेवायचं. पुढे टिसमधून, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधून, पब्लिक हेल्थची मास्टर्स करता येईल, आकड्यांची आवड असेल तर आयआयपीएस, ही लोकसंख्येचा अभ्यास शिकवणारी संस्था, सगळे ज्याचा हवाला देतात तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे त्यांच्याकडेच होतो. दोन्ही देवनारलाच आहेत, कुर्ल्याहून हार्बरने गोवंडीला उतर, एका सकाळी दोन्हीकडे जाऊन चौकशी होईल. सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स घेऊन जा.