छोट्या टाकीतील प्रवाळांसाठी प्रकाशयोजना

खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी दोन फुटांची आणि प्रवाळ मश्रूम किंवा झोअँथिडसारखे मऊ असतील, तर सर्वांत महागडा दिवा घेण्याची घाई करू नये. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यांना प्रामुख्याने ४०० ते ४८० नॅनोमीटरचा निळा प्रकाश उपयोगी पडतो. म्हणून निळा आणि पांढरा प्रकाश स्वतंत्रपणे कमीजास्त करता येईल असा एलईडी दिवा निवडावा. वॅटचा आकडा फारसे काही सांगत नाही. पार मीटर (शैवालांना अन्न तयार करण्यास उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारे उपकरण) उसना मिळाल्यास प्रवाळ ठेवायच्या जागीच, पाण्याखाली मोजणी करावी; या प्रवाळांना मीटरवरचा ५० ते १०० चा आकडा पुरेसा होतो.

सुरुवात ३० टक्के तीव्रतेवर, टायमर लावून रोज आठ तास करावी आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढ करावी. प्रवाळ फिकट पडू लागला तर प्रकाश कमी करावाच, पण तापमानही पाहावे, कारण मे महिन्यातील गोव्याच्या उकाड्यात पाणी तापले की एरवी सोसणारा प्रकाशही त्याला बाधतो. उलट, तो तपकिरी होऊन प्रकाशाकडे ताणला जात असेल, तर प्रकाश अपुरा आहे.

दिव्याच्या भिंगावर उडालेल्या थेंबांचे मीठ साचते; ते ओल्या फडक्याने दर आठवड्याला पुसावे, अन्यथा वाढवलेली तीव्रता वाया जाते. प्लगपूर्वी वायरला खाली झोळ ठेवावा, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या ग्रांदे बेटाजवळून प्रवाळ उचलून आणण्याचा मोह मात्र धरू नये. दगडी (कठीण सांगाड्याच्या) प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.