भिंती रंगवायला पाच वर्षं?

दहावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये एकच काळजी वेगवेगळ्या घरांतून माझ्याकडे, म्हणजे करिअर समुपदेशकाकडे, येते. मुलीचा हात चित्रकलेत चांगला, इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी, आणि कुठेतरी 'क्रिएटिव्ह प्लेसमेकिंग' हा शब्द तिच्या वाचनात आलेला. कला आणि वास्तुरचना एकत्र वापरून सार्वजनिक जागेत जीव आणायचा, असा त्याचा ढोबळ अर्थ. आईवडिलांना मात्र वाटतं, ना धड आर्ट, ना धड आर्किटेक्चर, पोर मधल्यामध्ये लटकणार.

नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील सातपूरला कंपनीत, लहानपण जुन्या नाशकात गेलेलं.

"मॅडम, भिंती रंगवायला पाच वर्षं कॉलेज कशाला?"

"पप्पा, भिंती नाही हो, जागा!" मग माझ्याकडे वळून, "मी आर्ट्स घेते. गणित तरी सुटेल."

'गणित सुटेल' ऐकलं की मी बाकीचं बाजूला ठेवते. बी.आर्च.ला, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीला, बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. शिवाय नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, किंवा एनआयटीसाठी जेईई मेनचा पेपर २. बी.प्लॅनिंगला, म्हणजे नगररचनेच्या पदवीलाही, गणित लागतंच. पंधराव्या वर्षी कंटाळून सोडलेला विषय अठराव्या वर्षी दार अडवून बसतो, आणि तेव्हा रडणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. गणित खरोखरच झेपत नसेल तर चार वर्षांचं बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, हा चांगला रस्ता आहे. पण इमारतीच्या नकाशांची जबाबदारी तुमच्याकडे येणार नाही, आर्किटेक्टसोबत काम करावं लागेल. १९७२च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही.

तिने चित्र आणलं होतं. गोदाघाटावरचं पटांगण, रंगवलेल्या पायऱ्या, आठ बाक, फोटोसाठी एक कमान. रेखाटन सुबक होतं.

"इथे बुधवारी काय असतं?"

ती गप्प. वडील पुटपुटले, "बाजार."

कल चाचणीचा कागद मी अशा वेळी काढत नाही. आवड डोक्यात सापडत नाही, काम करताना सापडते, असं माझं मत आहे आणि त्यावरून सहकाऱ्यांशी वादही होतात. मी तिला काम दिलं. पटांगणाचा ४० पावलांचा पट्टा निवडायचा. एक साधा दिवस, एक बुधवार, एक रविवार. सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ६, दर वेळी १५ मिनिटं. किती माणसं नुसती जातात, किती उभी राहतात, किती बसतात. बसलेला कशावर बसला, पाठ कशाला टेकली. सावली कुठवर आली ते १:२०० नकाशावर पेन्सिलने दाखवायचं, म्हणजे जमिनीवरचा १ मीटर कागदावर ५ मिलिमीटर. फोटो काढायचे नाहीत. कॅमेरा दिसला की माणसं बसण्याची ढब बदलतात, आणि आपणही बघायचं सोडून टिपत सुटतो. शहरातल्या जागांचे अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाईट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून अशीच मोजदाद केली होती खरी, पण ते कॅमेरे कुणाच्या डोळ्यावर येणार नाहीत असे, आणि माणसं पटाईत. त्यांना दिसलं ते इतकंच: बसायला जागा असते तिथे माणसं बसतात.

दोन आठवड्यांनी ती आली. चित्र टेबलावर ठेवलं, त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरला. तिच्या आठांपैकी पाच बाक नेमके भाजीवाल्या मावशींच्या गोणपाटांवर आले होते. दुपारी एकला उघड्या पटांगणात कुणीच नव्हतं. सगळे भिंतीलगतच्या हातभर सावलीत, आणि सावली सरकेल तसे सरकत होते. बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं हीच निम्मी विद्या.

"मॅडम, बाक नकोतच. सावली पाहिजे. आणि बुधवारी ती गुंडाळून ठेवता आली पाहिजे."

स्कूटरवर तिला तीनही दिवस नेणारे वडील मागून म्हणाले, "म्हणजे रहाडीसारखं. वर्षभर वरून रस्ता, रंगपंचमीला उघडली की रंगाचा हौद."

या विषयाची इतकी नेमकी व्याख्या मी तरी दुसरीकडे ऐकलेली नाही. जुन्या नाशकातल्या दगडी रहाडी वर्षभर लाकडी ओंडके आणि मातीखाली झाकलेल्या असतात, एका दिवसासाठी उघडतात. बांधकाम, कला, गल्लीची मालकी, सगळं त्यात आलं. गोदेतल्या दुतोंड्या मारुतीचंही तेच: मूर्ती किती बुडाली यावरून गाव पुराचं पाणी ओळखतं. माझ्या लक्षात आलं की वडिलांचा विरोध विषयाला नव्हताच, फक्त परक्या शब्दाला होता. आता अशा प्रत्येक घरात मी आधी विचारते, तुमच्या गल्लीत माणसं जमायची ती जागा कोणती?

मग क्रम ठरवला. 'प्लेसमेकर पाहिजे' अशी जाहिरात नाशकात मी पाहिलेली नाही, म्हणून पहिली पदवी हाताला धंदा देणारी हवी. पाच वर्षं आर्किटेक्चर, जमल्यास सुट्टीत शिल्प किंवा भित्तिचित्राची कार्यशाळा, पुढे अर्बन डिझाइन. दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट. 'अर्बन प्लेसमेकिंग'चं पदव्युत्तर शिक्षण अमेरिकेत ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, आणि मेरीलँड विद्यापीठात 'क्रिएटिव्ह प्लेसमेकिंग' पदवीसोबत जोडविषय म्हणून घेता येतं. पण ती खूप पुढची गोष्ट.

पोर्टफोलिओत चुकाही ठेव, असं तिला सांगितलं. ते बाकवालं चित्र आणि वरचा ट्रेसिंग पेपर एकत्र लाव. हौशी प्रकल्प फसतात ते बहुधा सौंदर्यामुळे नाही. ओलसर चुन्याच्या भिंतीवर ऑइल पेंट फासला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, फोड येऊन पापुद्रे सुटतात. पुरात जाणाऱ्या घाटावर हलकं काहीही टिकत नाही. आणि महापालिकेची परवानगी नसेल तर सगळं एका सकाळी उचललं जातं.

फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा सायन्स घेतलं, गणितासकट. मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेच्या दिवसांत त्याच घाटावर यशवंतराव महाराज पटांगणात संध्याकाळी पुन्हा मोजायचं, हे बापलेकींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला फक्त नोंदीच्या तक्त्यात 'उभ्याने ऐकणारे' असा एक रकाना वाढवून द्यावा लागला.